शब्दचर्चा : ‘सामूहिक पश्चात्ताप’ म्हणावे की आणखी काही?

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) उपास-प्रार्थनेसाठी एक संपूर्ण दिवस ठरवला आहे आणि त्याची पत्रिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मसुद्यावर मी ‘सामुहिक पश्चाताप व प्रार्थना कार्यक्रम’ असा मथळा घातला होता. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी लाल शाईने ‘कार्यक्रम’ खोडला, ‘सामुहिक’ आणि ‘पश्चाताप’ या दोन्ही शब्दांखाली रेघ मारली आणि समासात ‘प्रायश्चित्त?’ असे लिहून कागद परत दिला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आधी शुद्धलेखन पाहू. ‘पश्चात्’ आणि ‘ताप’ मिळून ‘पश्चात्ताप’ होतो, म्हणून त्यात दोन त हवेत. ‘समूह’पासून ‘सामूहिक’ होतो, त्यातला मू दीर्घ. ‘समुदाय’पासून ‘सामुदायिक’, त्यातला मु ऱ्हस्व. ‘कार्यक्रम’ खोडला हे योग्यच झाले, कारण कार्यक्रम सादर होतो आणि तो पाहायला माणसे येतात. उपासाचा दिवस मात्र मराठीत ‘पाळतात’.

‘प्रायश्चित्त’ मी सुचवणार नाही, आणि त्याचे एक कारण पुण्याचेच आहे. १८९० साली पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य (जातिबहिष्काराचे प्रकरण) झाले, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. तिथे त्या शब्दाचा अर्थ जातीत परत घेण्याचा विधी एवढाच होता. मन पालटले की नाही, हे कोणी विचारत नव्हते. दुसरे कारण ख्रिस्ती वापरातले आहे. मराठी पवित्रशास्त्रात (बायबलमध्ये) ‘प्रायश्चित्त’ हा शब्द ख्रिस्ताने आपल्या पापांबद्दल केलेल्या अर्पणासाठी येतो, म्हणजे जे त्याने केले ते मंडळी एका दिवसात करणार आहे असा भास पत्रिकेतून होऊ नये. कॅथलिक बांधवांकडे हा शब्द पापनिवेदनाच्या संस्काराच्या आणि ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या नावात रुळलेला आहे, तिथे तो योग्यच आहे. तुकोबांनी तर ‘हेंचि प्रायश्चित्त । अनुतापीं न्हाय चित्त’ असे म्हणून विधी बाजूला सारला आणि अनुतापालाच प्रायश्चित्त ठरवले. ‘अनुताप’ हा मला फार जवळचा वाटणारा शब्द आहे, परंतु आजच्या तरुण वाचकाला तो पुस्तकी वाटेल.

तेव्हा ‘पश्चात्ताप’च ठेवावा, मात्र त्याचा ‘पस्तावा’ होऊ देऊ नये. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले असले तरी वापरात वेगळे झाले आहेत : व्यवहार फसला की माणूस पस्तावतो, त्यासाठी त्याला बदलावे लागत नाही. नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘पश्चात्ताप’ लिहितो, त्या ‘मेटानोइया’चा अर्थ मन पालटणे असा आहे, आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाला चांदीची नाणी परत करताना जे वाटले त्यासाठी मत्तयाने वेगळेच क्रियापद वापरले आहे. जुन्या करारातल्या हिब्रू क्रियापदाचा अर्थ तर सरळ ‘मागे फिरणे’ असा आहे. ‘पश्चात्ताप’ या शब्दात पोळणे दिसते, वळणे दिसत नाही. म्हणून मथळ्याखालच्या ओळीत ‘देवाकडे परत फिरण्यासाठी’ असे शब्द अवश्य घालावेत.

आता ‘सामूहिक’. सामूहिक राजीनाम्यात प्रत्येकाचा कागद वेगळा असतो, फक्त वेळ एक असते. सामुदायिक शेतीत जमीनच एक असते. हा भेद सगळीकडे काटेकोरपणे पाळला जातो असे नाही, तरीही या दिवसासाठी मी ‘सामुदायिक’ निवडीन. खरे तर विशेषणापेक्षा हे काम सर्वनाम अधिक चांगले करते. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत आणि या दिवशी दोन्ही लागतील. पाळक (पास्टर) मंडळीला म्हणतील, ‘आपण प्रार्थना करू या’. पण देवासमोर ‘आपण पाप केले’ म्हणता येत नाही, कारण त्यात देवही येतो. तिथे ‘आम्ही पाप केले’ असेच म्हणावे लागते. जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली त्याची प्रार्थना याच ‘आम्ही’वर उभी आहे. तो स्वतः विश्वासू होता, तरी ‘त्यांनी पाप केले’ असे म्हणून वेगळा राहिला नाही. प्रार्थनेचे मुद्दे लिहून देणार असाल, तर प्रत्येक वाक्यातला कर्ता तपासा; ‘काही लोक’, ‘आजची पिढी’ असे कर्ते आले की ती तक्रार होते.

प्रश्न : मनापासून आभारी आहे. आणखी एक शंका आहे. पत्रिकेत ‘आपली पापे पदरी घेऊ या’ असे वाक्य आहे. माझ्या मुलीने ते वाचून विचारले, ‘पाप करायला बोलावता आहात का?’

उत्तर : मुलीचे म्हणणे खरे आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ असे आहे, आणि तिथे अर्थ आहे ती आपलीच आहेत असे मान्य करणे. रोजच्या बोलण्यात मात्र ‘कशाला पाप पदरी घेतोस?’ म्हणजे नवे पाप जोडणे. मंडळीत वाढलेल्यांना पहिला अर्थ आपोआप कळतो, बाकीच्यांना दुसरा. तरीही हा वाक्प्रचार टाकून द्यावा असे मला वाटत नाही. डोक्यावरून पदर घेऊन गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या बायका प्रार्थनेत तोच पदर दोन्ही हातांनी पुढे धरतात, तेव्हा पदरी घेणे आणि पदर पसरणे एकाच वस्त्रात दिसते. ‘पापकबुली’ या शब्दात पोलीस चौकी डोकावते. पत्रिकेत ‘पापे कबूल करू या’ असे साधे क्रियापद वापरावे आणि ‘पदरी घेणे’ वचनाच्या वाचनासाठी राखावे.

‘उपास’ शब्दाजवळही एक खुलासा हवा. पुण्यात उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ चालतात असे धरले जाते. आपल्याकडे संध्याकाळपर्यंत अन्न न घेणे अभिप्रेत असेल, तर तसे स्पष्ट लिहावे, आणि आजारी व वृद्धांना सूट असल्याचेही.

प्रश्नकर्ती : मजकूर आता असा केला आहे : ‘मंडळीची सामुदायिक उपास-प्रार्थना. देवाकडे परत फिरण्यासाठी पश्चात्तापाचा दिवस आपण सर्व मिळून पाळू या. सकाळपासून संध्याकाळच्या उपासनेपर्यंत अन्न घेऊ नये. आजारी, वृद्ध व लहान मुले यांना सूट आहे.’ बाईंनी वाचला आणि या वेळी लाल पेन उघडले नाही.