दुकानातल्या पतंगाचा पक्षी केलाय? तुमचे अनुभव लिहा

संक्रांतीला उरलेले पतंग आमच्याकडे माळ्यावर जात नाहीत, त्यांचे पक्षी होतात. यंदा लेकीबरोबर खंड्या केला. जलरंगाला हात लावला नाही, पतंगाचा कागद ओला झाला की सुरकुततो. निळ्या पतंगी कागदाची पिसं कापली आणि पातळ खळीने फक्त वरच्या कडेला चिकटवली, खालची बाजू मोकळी. वाऱ्यावर ती अशी फडफडतात की बघत राहावं! डोकं चॉकलेटी, छाती पांढरी, चोच तांबडी. एकच पथ्य: डाव्या पंखावर जेवढी पिसं, तेवढीच उजव्यावर. उभ्या काडीखाली बोट धरून पतंग आडवा तोलून बघायचा.

तुम्ही कोणता पक्षी केलात? काय लावलं, उडाला का, सगळं लिहा.

नागपूर
ताई, खंड्या सुंदरच. पण उंच गेल्यावर उजेड मागून येतो आणि खालून रंगापेक्षा आकारच दिसतो. म्हणून मी दरवर्षी घार करतो. काळा पतंग, खाली दुभंगलेली शेपूट. तेवढ्यावर गच्चीवरची पोरं ‘घार, घार’ म्हणून ओरडतात. पेच मात्र लावत नाही, तिला ‘ओ काट’ ऐकवायचं नाही.

बडोदा
इथे चांददार पतंग मिळतो, गोल ठिपके आयतेच असतात. दोन ठिपक्यांचे डोळे, मध्ये छोटी चोच, झालं घुबड. साध्या सुती दोऱ्यावरच उडवतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी पंख कापलेली कबुतरं दर उत्तरायणला दिसतात. सकाळी लवकर आणि सांजेला पाखरांची ये-जा असते, तेव्हा आमचे पतंग खाली. एवढं सगळ्यांनी पाळाच.

निफाड
आमचा पक्षी कामाचा. द्राक्षमण्यांत पाणी उतरलं की बुलबुल, साळुंक्यांची धाड पडते. धाकट्या भावाने प्लॅस्टिकच्या पतंगाला काळ्या पिशवीचे लांब पंख लावून ससाणा केला आणि उंच बांबूला बांधला. सुरुवातीला पाखरं फिरकली नाहीत. पण ससाणा एकाच जागी राहिला की त्यांची भीड चेपते, म्हणून बांबू सारखा हलवावा लागतो. वारा पडला की जाळीच खरी.

न्यू जर्सी
जानेवारीत इथे कुठला पतंग! आमची पतंगबाजी उन्हाळ्यात, समुद्रकाठी. दुकानातला नायलॉनचा डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पतंग घेतला, त्याचे पंख मुळातच पसरलेले. ॲक्रिलिक रंग घडीवर तडकतो, म्हणून पर्मनंट मार्कर. मुलाने किनाऱ्यावर घरटी करणारा ऑस्प्रे निवडला: पोट पांढरं, पंखांच्या सांध्यापाशी काळे डाग, डोळ्यावरून गडद पट्टा. आपल्याकडच्या धरणांवर हिवाळ्यात येणारी मीनखाई घार ती हीच, हे आजोबांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्याला कोण आनंद!

सातारा
आम्ही पुठ्ठ्याची चोच लावलेला पोपट केलाय, पण सारखा गोते खातोय. काय करू?

धागाकर्ती
पुठ्ठा काढा, डोक्याकडे वजन नकोच. चोच कागदाचीच दुमडून करा आणि खाली हिरव्या कागदाची लांब शेपूट लावा. पोपटाला ती हवीच, पतंगही स्थिरावेल. तरी गोते खाल्ले तर कणी, म्हणजे काड्यांना बांधलेला दोरा, सोडून पुन्हा बांधा. आणि उडाला की इथे कळवा.