हवाई: लाव्हावरच्या जागेत झाडं लावायची आहेत, बुलडोझर फिरवू का?

पहोआची_नवी
नमस्कार मंडळी. हवाईच्या मोठ्या बेटावर, पुना भागात पहोआजवळ आम्ही गेल्या महिन्यात एक एकर जागा घेतली. माझं माहेर वाईचं, काळ्या मातीतलं. त्यामुळे इथली जमीन बघून मी गोंधळून गेलेय. वर ओहियाची (इथलं मूळचं रानझाड) झाडं आणि कमरेएवढं नेचं. त्याखाली काळा, ओलसर, कुजलेला पाला. मुठीत दाबला की पाणी गळतं, पण बोटांना चिकटत नाही. पहार घातली की वीतभर खाली खण्णकन वाजते, मग नुसते धारदार, सुटे धोंडे. मृदा-नकाशात या मातीचं नाव 'पापाई' दिलंय.

ठेकेदार म्हणतो, सगळं रान काढून, लाव्हा फोडून सपाट करून देतो. यजमानांना ते पटलंय. मला फणस, लिंबू, केळी, पपई आणि कढीपत्ता लावायचाय. एवढा पाऊस पडतो तरी पाणी कुठेच थांबत नाही. झाडं जगतील का?

सड्यावरचा
ताई, आधी बुलडोझर थांबवा. मी मूळचा राजापूरचा, पुनात १२ वर्षं दीड एकर सांभाळतोय. जागा घेतली तेव्हा पुढचा अर्धा एकर मीही असाच साफ करून घेतला होता. निम्मा पाला यंत्राने धोंड्यांखाली गाडला, थोडा कडेच्या ढिगाऱ्यात गेला, उरलेला उन्हापावसात दोनेक वर्षांत विरून गेला. आज तिथे नुसती खडी आहे. तिकडे बघितलं की अजून जीव तुटतो.

तुमच्याकडे जी माती आहे ती दगडाची झालेलीच नाही. वाईचा कातळ आणि हा लाव्हा दोन्ही बेसॉल्टच, पण आपल्या दख्खनच्या दगडाला झिजायला साडेसहा कोटी वर्षं मिळाली. इथल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या अंगावरचा सुमारे ९० टक्के लाव्हा ११०० वर्षांच्या आतला आहे. एवढ्या काळात चिकणमाती कुठून होणार? आधी दगडावर राखाडी दगडफूल येतं. दगडात नत्र नसतं, ते हे दगडफूल हवेतून धरतं. मागोमाग नेचे येतात, ओहिया येतो, त्यांचा पाला धोंड्यांच्या सांदीत पडून कुजतो. तीच तुमची माती. शास्त्रात तिला फोलिस्ट म्हणतात. दलदलीतल्या मातीसारखी सगळी सेंद्रिय, पण पाण्याचा पुरता निचरा होणारी. वरचं झाड तोडलं की नवी माती पडायची थांबते.

आपल्याकडे कोकणात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कलमं लावताना सुरुंग लावून खड्डा करतात आणि बाहेरून माती आणून भरतात. इथे सुरुंग नको, तुमचा लाव्हा 'आआ' जातीचा, म्हणजे खडबडीत धोंड्यांचा, सुटा आहे. ओहियांच्या मधली मोकळी जागा बघा, पहारीने धोंडे उचकटून दोन हात रुंद खड्डा करा. पाला आधी घमेल्यात वेगळा काढून ठेवा, तो फेकू नका. तळाशी बारीक खडी, वर तो पाला आणि कंपोस्ट. माझा फणस असाच लावलाय, आठ वर्षांचा आहे. मागे एक धोंडा हलवला तर त्याची बोटाएवढी मुळं सांदीतून पाच-सहा हात लांब गेलेली दिसली, प्रत्येक मूळ पाल्याच्या पट्टीतूनच.

खत एकदम घालू नका. धरून ठेवायला चिकणमाती नाही, एका सरीत धुऊन जातं. महिन्याला मूठभर घाला. नत्र कमी पडतं, पानं पिवळी पडली तर आधी तेच आठवा. आठ दिवस पाऊस नसला तर रोपांना पाणी द्यावंच लागतं.

आणि ओहियाला यंत्राचा घाव लागू देऊ नका. घावातून बुरशी शिरते आणि जुनंजाणतं झाड काही आठवड्यांत वाळतं. आमच्या आळीत तशी चार झाडं गेली. कोयता, पहार, बूट घासून स्वच्छ करा, मग ७० टक्क्यांचं अल्कोहोल मारा.

हिलोकर_मावशी
वरचं सगळं 'आआ'साठी बरोबर. आमच्याकडे केआउकाहा माती, खाली 'पाहोएहोए', म्हणजे अखंड फरशीच. वर चार बोटं पाला. तिथे खड्डा होत नाही, दगडांची कड रचून उंच वाफेच करावे लागतात.

रोपं आणशील तेव्हा लाल आगमुंगी तपासून घे, बाळा. काडीला पीनट बटर लावून कुंडीत तासभर ठेव, मग काडी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेव आणि नंतर निरखून बघ. मुंगी जेमतेम दीड मिलिमीटरची असते.

पपईवाला
धंद्यासाठी आम्ही 'आआ' फोडूनच पपई लावतो, ते खोटं नाही. पपईला निचरा लागतो. पण जुन्या पपईच्या जागी पुन्हा लावली की रोपं मूळकुजीने मरतात. मग खड्ड्यात कधीच पपई न पाहिलेली माती भरायची आणि त्यातच बी पेरायचं. मुळं त्याबाहेर पडेपर्यंत झाड टणक झालेलं असतं. चार घरगुती झाडांसाठी रान काढायची गरज नाही.

पहोआची_नवी
दादा, मावशी, खूप आभार. यजमानांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ठेकेदाराला आता घरापुरती आणि गाडीच्या वाटेपुरतीच जागा सांगितली आहे, आणि तिथला पाला आधी आम्ही हाताने काढून ताडपत्रीखाली ठेवणार. आज सकाळी सात ओहियांना लाल फीत बांधली. फणसासाठी दोन मोठ्या झाडांमधली जागा बघितलीय, दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. तेवढं पुरेल का?

सड्यावरचा
पुरेल. पण दोन्ही झाडांपासून निदान दहा हात लांब खणा, त्यांची मुळं तुटता कामा नयेत.