जुन्या बोर्डाच्या बायोसला हात लावू नका म्हणे!

बी३५०वाला:
शनिवारपेठी काकांनी काल लिहिलं की पाच वर्षांहून जुन्या मदरबोर्डाचा बायोस (पीसी सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) अपडेट करणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. वाचून राहवलं नाही. माझा २०१७ चा बी३५० बोर्ड, त्यावर एएमडीचा नवा प्रोसेसर रायझन ५६०० टाकायचा होता, आणि बी३५० ज्यात येतो त्या ३०० सिरीजच्या बोर्डांवर हे प्रोसेसर चालतील असं एएमडीनेच २०२२ मध्ये जाहीर केलं. बायोस न बदलता तो चालणार कसा, अंगारा लावून? बोर्डावर छापलेला मॉडेल आणि रिव्हिजन नंबर बघा, फाईल कंपनीच्याच साईटवरून घ्या, एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राईव्हवर टाका आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोसमधल्या फ्लॅश टूलमधून मारा, विंडोजमधून नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ते आधी सस्पेंड. झालं. नवीन बोर्डाचे पैसे वाचले.

शनिवारपेठी:
माझं वाक्य अर्धवट उचललंत. 'गरज नसेल तर' असं स्पष्ट लिहिलं होतं. नवीन व्हर्जन दिसलं की ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी होतं ते. मेहुण्याच्या ऑफिसात असंच, अपडेट अर्ध्यावर आणि लाईट गेली. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार! पुण्यात राहून गुरुवारी बायोस अपडेट करायला बसणाऱ्याला काय म्हणावं. बोर्ड मेला, दुकानदार 'नवीन घ्या' म्हणून मोकळा.

कर्वेनगरकट्टा:
यूपीएस का नव्हता पण? लोक घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त असतात, आणि त्याच्या मागचा खटका नॉर्मलवर असला तर चेंजओव्हर होईपर्यंत पीसी रिस्टार्ट झालेला असतो, तो यूपीएस मोडवर ठेवायचा असतो हे बसवणारा कधी सांगतच नाही. आमच्या सोसायटीत तर जनरेटर फक्त लिफ्टला, मेंटेनन्स मात्र दर वर्षी वाढतो, मीटिंगमध्ये विचारलं तर म्हणे लेखी द्या.

बी३५०वाला:
लिफ्ट कुठून आली इथे??

कर्वेनगरकट्टा:
लाईटचा विषय काकांनी काढला, मी नाही.

सोल्डरदादा:
बोर्ड मरत नाही हो, आठ पायांच्या चिपमधला डेटा बिघडतो. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपमध्ये डेटा लिहायचं यंत्र) आणि चिपला लावायची क्लिप विचारा. बोर्डाची वीज तोडून, सीमॉसचा (बोर्डावरचा गोल) सेल काढून क्लिप लावायची, आत आहे ते आधी वाचून सेव्ह करायचं, मग नवीन फाईल. फक्त चिपवरचा नंबर भिंगाने वाचा, काही १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना ३.३ दिलेत तर मग खरंच रडा. आणि बी३५०वाले, तुम्हीही उड्या कमी मारा. १६ एमबीच्या चिपमध्ये नवे प्रोसेसर कोंबताना कंपन्यांनी काही बायोसमधून जुन्यांना बाहेर काढलंय. एएमडीचा जुना ए-सिरीज प्रोसेसर असेल तर अपडेटनंतर स्क्रीन काळी. फाईलखालीच लिहिलेलं असतं, वाचतो कोण.

बी३५०वाला:
बरं, हे मान्य. माझा जुना प्रोसेसर रायझन १६०० होता त्यामुळे मला काडीचा फरक पडला नाही, पण मान्य.

शनिवारपेठी:
म्हणजे धोका आहे हे तुमच्याच तोंडून आलं, आभारी आहे. माझ्या जुन्या एच६१ बोर्डाला ना ड्युअल बायोस (बायोसची राखीव दुसरी प्रत), ना बिघडलेला बायोस पेनड्राईव्हवरून परत भरायचं फ्लॅशबॅकचं बटण. टॅली चालतंय, मी हात लावणार नाही. ज्यांना बटण आहे त्यांनी खुशाल करावं. गुरुवार सोडून.

कर्वेनगरकट्टा:
काका, तुमच्या इन्व्हर्टरचा खटका कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगा आधी.

शनिवारपेठी:
आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. पेठेत लाईट जात नाही.