'कन्सेन्सस'ला मराठीत काय म्हणाल: एकमत, सहमती की बिनविरोध?

प्रश्न – जागतिक व्यापार संघटनेवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात 'कन्सेन्सस' दर दोन ओळींनी येतो. मी सगळीकडे 'एकमत' लिहिलं, पण वाचताना खटकतंय, कारण तोच लेख पुढे म्हणतो की गरीब देश याच निर्णयांवर नाराज आहेत. मग एकमत कसलं? 'सहमती' चालेल का?

उत्तर – खटकतंय ते बरोबरच आहे, 'एकमत' काढाच तिथून. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एक, सहमती म्हणजे निदान मान तरी हलवलेली, आणि करारात यातलं काहीच मागितलेलं नाहीये. ज्या करारातून ही संघटना उभी राहिली त्या 1994च्या मराकेश करारातलं नववं कलम बघा, व्याख्या तळटीपेत आहे: निर्णयाच्या वेळी बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक आक्षेप घेतला नाही की झाला कन्सेन्सस. 'हजर' आणि 'औपचारिक' हे शब्द परत वाचा. छोट्या देशांची जिनिव्हात, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयाच्या गावी, माणसं मोजकी, बैठका एकाच वेळी चार ठिकाणी, काहींचं तर तिथे कायमचं कार्यालयही नाही, म्हणजे जो आलाच नाही त्याचाही होकार धरून चाललेत. आणि जो आलाय त्याने ज्यांच्याकडून मदत नि कर्ज घेतो त्यांच्यासमोर 'आमचा विरोध' म्हणायचं कसं? त्यात मसुदा बरेचदा आधीच 'ग्रीन रूम'मध्ये, म्हणजे बंद दाराआडच्या छोट्या बैठकीत, निवडक देशांनी ठरवलेला असतो.

म्हणून मी 'बिनविरोध' म्हणेन. निवड बिनविरोध झाली म्हटलं की आपण लगेच विचारतो ना, अर्ज मागे कोणी घेतले आणि का? तो प्रश्न वाचकाच्या मनात यायलाच हवा.

दुसरं उत्तर – 'बिनविरोध' शब्द पटला, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. ज्याच्यात ताकद आहे त्याच्या हातात हाच नियम नकाराधिकार होतो. वाद सोडवणारं अपील मंडळ डिसेंबर 2019पासून बंद पडलंय, 130च्या आसपास देश त्यावर सदस्यांच्या नेमणुका करा म्हणून पुन्हा पुन्हा ठराव आणतात आणि एकट्या अमेरिकेच्या नकारावर ते अडतं. उलट 2003मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश सांगत आले की श्रीमंत देशांच्या अनुदानांनी आमच्या कापसाचा भाव पडतो. कागदावर त्यांच्याकडेही तोच नकार होता. निर्यात अनुदानं नंतर बंद झाली, पण देशांतर्गत अनुदानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मला तर वाटतं तळटीपच बदलावी, गैरहजर देशाचं मौन होकार धरू नये, अडवणाऱ्याने कारण लेखी द्यावं आणि नेमणुकांसारख्या कामाला सरळ मतदान घ्यावं. एक देश एक मत ही तरतूद त्याच कलमात आहे, वापरतच नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती – दोघांचेही खूप आभार. ठराव होतो तिथे 'बिनविरोध' आणि अडतो तिथे 'नकाराधिकार' असं वेगवेगळं ठेवतेय. पहिलं वाक्य आता असं झालंय: 'हजर देशांपैकी कोणी आक्षेप न घेतल्यामुळे ठराव बिनविरोध झाला.' गैरहजर किती होते हे मूळ लेखात कुठेच नाहीये, तेवढं आज लेखकाला विचारते.