मदत हवी आहे: गावांच्या नावांतले प्रत्यय कसे वेगळे काढायचे?

महाराष्ट्रातल्या गावांची नावं शेवटच्या घटकानुसार लावायचं काम चालू आहे. ‘गाव’ (ग्राम), ‘खेड’ (खेट), ‘वाडी’ (वाटिका) सरळ निघतात. वडगाव, पिंपळगाव, उंबरगाव यांतली झाडंही लगेच ओळखू येतात. बुद्रुक-खुर्द फारसीतून आलेले, थोरलं आणि धाकटं अशा अर्थाचे. इथे आजची लोकसंख्या बघून ठरवू नये, कारण आज खुर्दची वस्ती मोठी असू शकते.

रोमन यादीवरून वर्गीकरण केलं की सगळं बिघडतं. त्या लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त एकच होतात, ऱ्हस्व-दीर्घही जातं. तळेगावातलं ‘तळे’ ओळखू येत नाही, वडगाव आणि वाडगाव यांत फरक राहत नाही. म्हणून प्रत्येक नावाला तीन रकाने ठेवलेत: देवनागरी सरकारी रूप, गावकऱ्यांचा उच्चार आणि जुन्या मोडी कागदांतलं रूप. उच्चाराचा रकाना सगळ्यात मोलाचा; सरकारी रूप बरेचदा संस्कृत वळणावर ‘सुधारलेलं’ असतं.

अडलंय ते ‘वली’पाशी. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली यांतली ‘वली’ सहसा ‘पल्ली’शी (लहान वस्ती) जोडतात. पण चंद्रपूर जिल्ह्यातली सावली? तिथे ‘वली’ हा प्रत्यय मानायचा की अख्खा शब्दच सावली? जुनं रूप हाती नसेल तर तुम्ही कशावरून ठरवता? कोकणातल्या ‘ओली’ शेवटाच्या नावांना वेगळा गट द्यावा का? मोडी कागद वाचणाऱ्यांनी कृपया उदाहरणासह सांगावं.