खोर्लीतलं जुनं कौलारू घर: घेण्याआधी नेमकं काय बघू?

सातार्ड्याची_लेक

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात, पर्वरीत भाड्याने राहतो. स्वतःचं घर घ्यायचं ठरल्यावर नवरा फ्लॅट बघत सुटला आणि मी म्हापशातली जुनी घरं. पर्वरीत दोन बेडरूमच्या फ्लॅटला जे मागतात, तेवढ्यातच म्हापशाच्या खोर्लीत आख्खं घर मिळतंय, खालच्या २१० चौरस मीटर जागेसकट. मागणी ७८ लाख, थोडं खाली येतील असं दलाल म्हणतो.

रस्त्यालगत पायऱ्या, बलकांवात (दारापुढच्या ओसरीत) दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, आत नक्षीच्या सिमेंट लाद्यांची मोठी खोली. मधे लहानसं राजांगण (घराच्या आतलं उघडं अंगण), त्यात तुळस. सासूबाईंनी तुळस बघितली आणि त्यांच्या मते व्यवहार तिथेच पक्का झाला. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर मंगळुरी कौलं. विहीर शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे. मागच्या कोपऱ्यात एक खोली आहे, तिथे एक म्हातारी बाई राहते. "ती जाईल," एवढंच दलाल म्हणाला.

खटकलेल्या गोष्टी दोन. बाहेरच्या खोलीत कमरेपर्यंत नवा सिमेंटचा गिलावा आणि ताजा रंग आहे, बाकी घर मात्र तसंच जुनं. आणि रस्त्यापलीकडून बघितलं तर आढं मधे किंचित खाली आल्यासारखं वाटतं. मालक तीन भावंडं आहेत: एक इथे, एक मुंबईला, एक लिस्बनला. नवरा म्हणतो, हे घर नाही, खड्डा आहे, पैसे टाकत राहायचा. काय बघू, आणि कुणाला सोबत नेऊ?

चिरेबंदी

ताई, मी बांधकामावर सुपरवायझर होतो. बार्देशात, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यात, अशी घरं बरीच उघडून बघितली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आता जून संपत आलाय, ही तुमच्यासाठी सगळ्यात चांगली वेळ. जानेवारीत बघितलेलं कौलारू घर आणि पावसात बघितलेलं कौलारू घर ही दोन वेगळी घरं असतात. धो धो पडत असेल तेव्हा जा. टॉर्च आणि एक लांब पेचकस घेऊन जा.

आढ्याचं आधी सांगतो. सगळं आढं एकसारखं थोडं वाकलं असेल तर घाबरू नका, जुनं लाकूड ओझ्याने वाकतंच. एकाच ठिकाणी खड्डा पडल्यासारखा दिसत असेल तर खाली काहीतरी मोडलंय किंवा कुजलंय. वासे मधे तपासून उपयोग नाही, तिथे ते ठणठणीत असतात. जिथे वाशाचं टोक भिंतीवर टेकतं तिथे पेचकस दाबा. तो बोटभर आत गेला तर त्या वाशाचा हिशेब वेगळा करा. राजांगणाच्या चारी कोपऱ्यांत दोन उतार मिळतात, तिथल्या पन्हाळीखाली नक्की बघा. अशा घराला पहिली गळती तिथेच लागते आणि वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

लाकूड कसलं तेही विचारा. ऐन (माट्टी), फणस, सागवान असेल तर टोकं कापून जोड देता येते. मागच्या बाजूला कुणी स्वस्तात माडाचे वासे घातले असतील तर ते बदलायचेच, असं धरून चाला.

आता त्या नव्या गिलाव्याबद्दल, कारण माझा सगळा संशय तिथे आहे. चिरा पाणी पितो. जुनी माणसं मातीत चिरे लावायची आणि वर चुन्याचा गिलावा करायची, त्यामुळे जमिनीतून चढलेली ओल भिंतीतून बाहेर पडायची. कमरेपर्यंत सिमेंट फासलं की ओलीची वाट बंद होते आणि ती त्याच्या वरून बाहेर येते. म्हणून गिलावा जिथे संपतो त्याच्या वरची हातभर भिंत बघा. रंगाचे पापुद्रे, पांढरा लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारा क्षार), हाताला लागणारी भुकटी, यातलं काही दिसलं तर खाली काय झाकलंय ते कळलं. भिंत त्यामुळे पडत नाही. सिमेंट खरवडून काढायचं, एक उन्हाळा भिंत सुकू द्यायची आणि पुन्हा चुना. पैसा कमी लागतो, धीर जास्त. "दोन महिन्यांत रंगवून राहायला जा" म्हणणाऱ्या दलालाला हे पटणार नाही.

तडे: दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी गेलेली चीर असेल तर दारावरचं आडवं लाकूड, म्हणजे पाटण, कुजलंय का ते बघा. नवीन संडास-न्हाणी जुन्या भिंतीला चिकटवली असेल तर सांध्यावर उभी भेग असतेच. दोन्ही पाये वेगवेगळे बसतात. ती भेग जुनी आणि धुळीने भरलेली असेल तर सोडून द्या.

वाळवी बघायला देव्हाऱ्याच्या आणि कपाटाच्या मागे जा. भिंतीवरचे फोटो उचलून बघायला लाजू नका.

कौलांवरचा छाप दाखवून कुणी घराचं वय सांगेल. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला हे खरं. पण कौलं एका घरावरून उतरून दुसऱ्यावर चढतात, त्यावरून घराचं साल काढायचं नसतं.

भाटकार_नव्हे

भिंतींचं काकांनी सांगितलं. मी कागदांचं सांगतो, कारण तुमचं खरं दुखणं मागच्या खोलीत आहे.

ती बाई कोण? भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार; त्याचा कायदा १९७५ चा. मुंडकार ठरली तर राहत्या घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क तिला आहे. पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका भागात २०० पर्यंत. म्हापसा पालिकेत येतं आणि तुमची एकूण जागा २१०. आकडेमोड तुम्हीच करा. उलट, भाडं देणारी असेल, पगारावरची घरकामवाली असेल किंवा घराची राखण करायला ठेवलेली असेल, तर ती मुंडकार होत नाही. मग भाडेकरूचा वेगळा कायदा लागू होईल किंवा तोही नाही. दलालाच्या "ती जाईल"ला काडीची किंमत देऊ नका.

म्हापसा शहरी सर्व्हेत येतं, त्यामुळे एक-चौदाचा उतारा (तो गावाकडच्या जमिनीचा) मागू नका. शहरी जागेचा उतारा म्हणजे फॉर्म डी, तो मागा; चलता नंबर (जागेचा सर्व्हे क्रमांक) आणि पी. टी. शीट (नकाशाचं पान) नंबर घ्या. आई-वडील गेल्यावर इन्व्हेंटरी (कोर्टातली वारसांची वाटणी) झाली की नुसतं डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण एवढंच सांगणारा दस्त), हे विचारा. आणि तीन भावंडं म्हणजे तीन सह्या नव्हेत. आपल्याकडे गोव्यात लग्न झालं की मालमत्ता सहसा नवरा-बायकोची सामाईक, म्हणून प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागते. लिस्बनच्या वहिनीची सही नाही म्हणून अडकून पडलेले व्यवहार गोव्यात कमी नाहीत.

एनजीपीडीएकडून (उत्तर गोव्याचं नियोजन आणि विकास प्राधिकरण) झोनिंग सर्टिफिकेट घ्या आणि रस्ता रुंदीकरणाची रेघ घरावरून जाते का ते नकाशावर बघा. घर रस्त्याला टेकलेलं आहे. "पुढे पाडून नवीन बांधू" असा विचार असेल तर २०१० च्या बांधकाम नियमांप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागेल आणि हातात उरेल ती खोली, घर नाही.

दिवचलकर

मी अशाच घरात जन्मलो आणि अजून राहतो, म्हणून थोडं विरुद्ध बोलतो. दरवर्षी मे महिन्यात कौलं परतावी लागतात. माकडं कौलं फोडतात. वर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो. नवरोबा खड्डा म्हणाले ते अगदीच चूक नाही.

एक गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागायचा, कीड दूर राहायची. गॅस आला आणि लाकडाचं ते संरक्षण गेलं. चुलीच्या खोलीवरचे वासे काळे पण टणक सापडतील. बाकीच्या खोल्यांचे वासे जास्त नीट तपासा.

बँकेचंही आधी बोलून घ्या. जुन्या घराला ऑक्युपन्सी दाखला नसतो, मग घरपट्टीच्या जुन्या पावत्या मागतात. आमचं कर्ज त्या पावत्यांवरच निघालं.

सातार्ड्याची_लेक

काल पावसात जाऊन आले. चिरेबंदी काका, गिलाव्याच्या वर हातभर लोणा आहे, तुम्ही म्हणालात तसाच. आढं एकसारखं वाकलंय. पन्हाळीखाली दोन वाशांत पेचकस सरळ आत गेला, बाकी टणक.

दलालाला न सांगता मागच्या आजीशी बोलले. चहा दिला त्यांनी. त्यांचे यजमान या घराच्या माडांचे नारळ पाडायचे, लग्न होऊन त्या याच खोलीत आल्या. भाडं कधी दिलं नाही. घरपट्टीची वेगळी पावती आहे, त्यांच्या यजमानांच्या नावाची. जपून ठेवलीय पत्र्याच्या पेटीत.

भाटकार_नव्हे

मग त्या कुठेही जाणार नाहीत, आणि जाऊही नयेत. घर सोडून देऊ नका, व्यवहार बदला. आधी मालकांनी आजींच्या नावे त्यांची खोली आणि भोवतालची ठरेल तेवढी जागा रीतसर करून द्यायची, मामलेदाराकडे नोंद करून. उरलेल्या जागेचा नवा नकाशा, आणि किंमत त्या उरलेल्या जागेची. ७८ लाख २१० मीटरचे होते. मालक नाही म्हणाले तर विसारही देऊ नका. हा क्रम तुमच्या वकिलाकडून लिहून घ्या, मालकांच्या वकिलाकडून नव्हे.

सातार्ड्याची_लेक

दलालाला फोन केला. फॉर्म डी आणि इन्व्हेंटरीची प्रत मागितली, आजींचंही सांगितलं. "मॅडम, एवढं कोण बघतं?" म्हणाला. नवरा पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलला.

चिरेबंदी

दोन वासे आणि लोणा म्हणजे घर चांगलं आहे. कागद जुळले तर सुतार माझ्या ओळखीचा आहे, निरोप टाका. पण आत्ताच बोलून ठेवा, पावसात तो मोकळा असतो. एप्रिलमध्ये फोन केलात तर उचलणारसुद्धा नाही.