मदत हवी आहे: आईला केअर सेंटरमध्ये ठेवावं का?

आई ७८ वर्षांची, सोलापुरात आमच्या जुन्या घरी राहते. बाबा नाहीत. मी पुण्यात, अडीचशे किलोमीटर लांब. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. तेव्हा नुसती नावं विसरायची, आता गॅस चालू ठेवून झोपते. गेल्या महिन्यात पहाटे सिद्धेश्वराला जाते म्हणून एकटीच निघाली आणि सात रस्त्याला एका रिक्षावाल्या दादांना भेटली. त्यांनी विचारपूस करत घरी आणून सोडलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

दिवसा बाई आहे, रात्रीची कुणी टिकत नाही. पुण्याला आणून पाहिलं. रोज संध्याकाळ झाली की पिशवी भरून दाराशी बसायची, "घरी सोड मला." सोलापुरात शेजारच्या पद्मशाली काकूंशी मोडकंतोडकं तेलुगू बोलते तेव्हा तिचा चेहरा खुलतो. तो शेजार तोडायला मन धजत नाही. दादा तर विषयच काढू देत नाही, "लोक काय म्हणतील?"

१४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन करणारच आहे. पण मला अनुभव हवेत. बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. सोलापुरात डिमेन्शियाच्या माणसाला नीट सांभाळणारी जागा कुणी स्वतः पाहिली आहे का? रात्री किती जणांमागे एक मावशी असते? महिनाभर ठेवून बघता येतं का, नाही जमलं तर डिपॉझिट परत मिळतं का?

आणि तिला नेताना तुम्ही काय सांगितलंत? खोटं बोलून नेणं मला जमणार नाही.